मसाजची जागा पारखायची कशी? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

स्पा, पंचकर्म केंद्र, घरपोच मालिश यांबद्दल आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. जवळजवळ प्रत्येक पत्रात एकच धास्ती आहे: आत गेल्यावर काय निघेल? आमचा निकष सांगून टाकतो. प्रामाणिक जागा पैसे घेण्याआधीच पाच गोष्टी स्पष्ट सांगते: मसाज कोण करणार, काय करणार, किती वेळ, अंगावर काय राहणार आणि एकूण पैसे किती. यातली एक जरी गोष्ट ‘आत गेल्यावर बघू’ अशी असली, तर तिथूनच परत फिरावं.

प्रश्न: आमच्या स्टेशनजवळ एकाच रस्त्यावर चार स्पा आहेत. चौघांकडे बुद्धाची मूर्ती, मेणबत्त्या आणि मंद संगीत. माझी पाठ दुखते म्हणून जायचं आहे, पण घरचे म्हणतात असल्या ठिकाणी जाऊ नकोस. बाहेरून ओळखता येतं का? (एक वाचक, ठाणे)

मूर्ती, सुवास आणि संगीत सोडून द्या, ते कुणालाही विकत आणता येतं. आधी फोन करा. दोन मिनिटांच्या फोनवर जेवढं कळतं तेवढं तासभर बाहेर उभं राहून कळत नाही.

पहिलं विचारा, ‘साठ मिनिटांचे किती आणि त्यात काय येतं?’ काम जाणणारा माणूस प्रकार सांगतो: स्वीडिश म्हणजे मध्यम दाबाचा, तेल लावून, डीप टिश्यू म्हणजे ठरावीक स्नायूंवर सावकाश, खोल दाब, अभ्यंग म्हणजे कोमट तेलाने सर्वांगाला. मग विचारा, ‘मला स्त्री थेरपिस्टच हवी, तिचं प्रशिक्षण कुठे झालं?’ तिसरा प्रश्न सगळ्यांत कामाचा: ‘मला रक्तदाबाची गोळी चालू आहे, चालेल का?’ शिकलेली व्यक्ती तुम्हालाच उलट विचारेल. रक्तदाब आटोक्यात आहे ना, रक्त पातळ करायची गोळी घेता का, अलीकडे शस्त्रक्रिया झाली का, पाठदुखीची कळ पायात उतरते का, असे प्रश्न येतील. ‘या ना मॅडम, काही होत नाही’ एवढंच उत्तर आलं तर तिथे तुमच्या पाठीची काळजी घेणारं कुणी नाही, मग बाकीचा व्यवहार कितीही सरळ असो.

पुरुषाने फोन केला तर खोटी जागा आणखी लवकर उघडी पडते. मसाजचा प्रकार बाजूला राहतो आणि मुलींचं वय, त्या कुठल्या प्रांतातल्या, फोटो पाठवू का, हेच सुरू होतं. ‘फुल सर्व्हिस’, ‘एक्स्ट्रा’, ‘बी टू बी’, ‘सॅटिस्फॅक्शन’ हे त्या धंद्यातले शब्द आहेत. पत्ता न देता ‘स्टेशनला येऊन फोन करा, माणूस घ्यायला येईल’ असं म्हणत असतील तर जाऊच नका.

दरही बोलतो. एक थेरपिस्ट दिवसात तासाभराचे पाच-सहा मसाज नीट करू शकते. त्याच्या पुढे तिचे अंगठे आणि मनगटं धरतात. तासाला ५०० रुपये धरले तर एका खाटेवर दिवसाचे अडीच-तीन हजार होतात. त्यातून स्टेशनजवळचं भाडं, वातानुकूलन, तेल, प्रत्येक गिऱ्हाइकामागे दोन चादरी व तीन-चार टॉवेल यांची धुलाई आणि तिचा पगार भागायचा. ते भागत नाही. मग कसर कुठून तरी काढली जाते: अडाणी हात, न बदललेल्या चादरी किंवा आत होणारा दुसरा व्यवहार. प्रशिक्षण संस्थेत विद्यार्थी करत असलेले किंवा अंध मसाजकारांच्या केंद्रातले कमी दर हा याला प्रामाणिक अपवाद आहे, आणि तिथले हात बहुधा उत्तम असतात.

जाल तेव्हा पहिल्यांदा दिवसाच जा. स्वागतकक्ष रस्त्यावरून दिसतो का, दरपत्रक छापील आहे का आणि त्यात करासकट रक्कम आहे का, तब्येतीची माहिती विचारणारा कागद भरून घेतात का, हे बघा. काचेवर काळा कागद, बाहेर कॅमेरा, आत बसलेला माणूस तुम्हाला न्याहाळून मग बटणाने दार उघडतो आणि तुमच्यामागे ते पुन्हा बंद होतं, अशी रचना मसाजला लागत नाही. ती धाड पडली तर बचावाला लागते. रात्री एक-दोनपर्यंत चालू राहणारा रस्त्यावरचा स्पाही त्याच जातीचा.

इंटरनेटवरचे अभिप्राय वाचताना तारे मोजू नका. ‘खांदा मोकळा झाला’, ‘दाब जास्त होता, सांगितल्यावर कमी केला’, ‘टॉवेलला वास होता’ असं लिहिणारे खरोखर मसाज घेऊन आलेले असतात. आणि फोटोंमध्ये खाट, टॉवेल, खोली दिसण्याऐवजी फक्त तरुण मुली दिसत असतील, तर ती जागा काय विकते ते तिने स्वतःच सांगितलं आहे.

प्रश्न: भिंतीवर सात-आठ प्रमाणपत्रं फ्रेम करून लावलेली असतात. त्यातलं खरं कामाचं कोणतं? (पुणे)

बहुतेक कागद मसाजबद्दल काहीच सांगत नाहीत. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ प्रमाणे थोडेच कामगार असलेल्या दुकानदाराने फक्त ऑनलाइन सूचना द्यायची असते. कामगार जास्त असतील तर नोंदणी. म्हणजे ‘शॉप ॲक्ट’ची पावती एवढंच सांगते की या नावाने, या पत्त्यावर धंदा आहे. ‘उद्यम’ नोंदणी स्वतःच्या माहितीवर, फुकटात होते. आयएसओ ९००१ हे कारभाराच्या पद्धतीचं प्रमाणपत्र आहे. थेरपिस्टच्या हाताला त्यात कुणी तपासलेलं नसतं.

जीएसटी क्रमांकाचा मात्र उपयोग करता येतो. तो अंक आणि इंग्रजी अक्षरं मिळून १५ चिन्हांचा असतो आणि महाराष्ट्रातला २७ ने, गोव्यातला ३० ने सुरू होतो. जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकला की मालकाचं नाव, पत्ता आणि नोंदणी चालू आहे की रद्द, ते दिसतं. पाटीवर एक नाव, बिलावर दुसरं आणि यूपीआयवर कुणा तिसऱ्याचं व्यक्तिगत खातं, असं असेल तर तक्रारीच्या वेळी तुमच्या हाती कुणीच लागणार नाही. २० लाखांच्या आत उलाढाल असलेल्या सेवा व्यवसायाला नोंदणी सक्तीची नसते, त्यामुळे क्रमांक नसणं हा दोष नव्हे. क्रमांक नसताना बिलात जीएसटी लावणं ही मात्र फसवणूक आहे. स्पा आणि सलूनच्या सेवांवरचा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ वरून ५ टक्के झाला आहे, तेही बिलावर बघून घ्या.

खरा कागद तुमच्या थेरपिस्टचा. मसाज करणाऱ्यांसाठी आपल्याकडे डॉक्टरांसारखी सक्तीची नोंदणी नाही, म्हणून प्रशिक्षणाचा पुरावाच धरावा लागतो: ब्यूटी अँड वेलनेस सेक्टर स्किल कौन्सिलचं स्पा थेरपिस्टचं प्रमाणपत्र, आयटीआयचा अभ्यासक्रम, किंवा सिडेस्को, आयटेक अशा परदेशी मंडळांचा डिप्लोमा. मालकाचं प्रमाणपत्र भिंतीवर आणि मसाज करणारी कालपरवा आलेली, हा प्रकार सर्रास चालतो. म्हणून नाव जुळतं का बघा. विचारायला संकोच वाटू देऊ नका. जिने मेहनतीने शिकून ते मिळवलं आहे तिला ते दाखवायला आवडतं.

प्रश्न: पहिल्यांदाच जाणार आहे. कपडे किती काढायचे? अंगावर चादर असते का? छातीला, पोटाला हात लावणं हे नेहमीचं आहे का? (एक गृहिणी, नागपूर)

तुम्हाला जेवढं सोयीचं तेवढंच काढायचं. रीत अशी असते. थेरपिस्ट आधी कपड्यांवरच तुमच्याशी बोलते, कुठे दुखतं ते विचारते, मग वापरून टाकायची चड्डी आणि मोठा टॉवेल देऊन खोलीबाहेर जाते. तुम्ही पालथं झोपून अंगावर चादर घेतल्यावर दार वाजवून आत येते. ज्या भागावर काम चालू आहे तेवढाच उघडा करायचा, बाकी झाकलेलं. पाठ झाली की पाठ झाकून पाय. कूस बदलताना ती चादर उभी धरून तोंड फिरवते. तेल वाटीत काढून घेते, बाटली अंगावर उपडी करत नाही, आणि उरलेलं तेल परत बाटलीत ओतत नाही.

पोटाचा मसाज अभ्यंगात आणि काही पद्धतींत असतो, पण आधी विचारूनच. नितंबाच्या स्नायूंवर कंबरदुखीसाठी काम करतात, तेही चादरीवरून किंवा विचारून. स्तन, जांघेचा आतला सांधा आणि गुप्तांग हे सर्वसाधारण मसाजमध्ये येतच नाहीत. ‘ही आमची पद्धत आहे’ या वाक्याला इथे काही अर्थ नाही.

मधेच थांबवणं हा तुमचा हक्क आहे. ‘थांबा’ म्हणायचं, उठून बसायचं, टॉवेल गुंडाळायचा आणि बाहेर जायला सांगायचं. कारण द्यावं लागत नाही. नकोसा स्पर्श झाला असेल तर बाहेर पडून ११२ किंवा महिला हेल्पलाइन १८१ लावा. तक्रार कोणत्याही ठाण्यात देता येते. हद्दीचा प्रश्न पोलिसांनी नंतर सोडवायचा असतो. बिल, वेळ आणि थेरपिस्टचं नाव लगेच लिहून ठेवा.

कॅमेरा स्वागतकक्षात असावा, खोलीत नाही. स्पाच्या खोल्यांत सीसीटीव्ही लावणं खासगीपणाच्या हक्काविरुद्ध जातं, असं मद्रास उच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये म्हटलं आहे. धूर-सूचक, घड्याळ, चार्जर किंवा आरसा खाटेच्या बरोब्बर समोर असेल तर नीट बघा, आणि शंका आली तर खोली बदलून मागण्यापेक्षा सरळ निघा.

प्रश्न: मोबाइलवरच्या जाहिरातीत ‘फुल बॉडी ६९९’ बघून गेलो. आत गेल्यावर दोघांनी दार लावून घेतलं, ‘पोलिसांना बोलवू, घरी कळवू’ म्हणत यूपीआयने २० हजार घेतले. आता रोज फोन येतो. लाजेने कुणाला सांगितलं नाही. (नाशिक)

हा खंडणीचा गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम ३०८. तुमच्या लाजेवरच त्यांचा धंदा चालतो, म्हणून ती आधी बाजूला ठेवा. दुसऱ्यांदा एक रुपयाही देऊ नका. पहिले पैसे देणारा पुन्हा देतो हा त्यांचा अनुभव आहे, आणि एकदा दिल्यावर फोन थांबले असं होत नाही.

आजच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. पैसे जितके ताजे गेलेले, तितकी ते पुढच्या खात्यात गोठवण्याची शक्यता जास्त. तासांचा फरक पडतो. हाताशी ठेवा: व्यवहाराचा १२ अंकी यूटीआर क्रमांक, ज्या यूपीआय आयडीला पैसे गेले तो, जाहिरातीचा स्क्रीनशॉट, फोन क्रमांक आणि संदेश. काहीही पुसून टाकू नका, अगदी तुम्हाला अवघड वाटणारे संदेशसुद्धा. मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा आणि जवळच्या ठाण्यात लेखी द्या. मजकूर साधा असू द्या: जाहिरात कुठे पाहिली, कुठे गेलो, कुणी कोंडलं, किती घेतले. घरच्या एका विश्वासू माणसाला आधी सांगितलंत तर त्यांचं हत्यारच बोथट होतं.

याच कुळातला दुसरा प्रकार घरपोच मसाजचा. आधी नोंदणीचे ५००, मग ‘परत मिळणारं डिपॉझिट’ २,०००, मग सोसायटीचा गेट पास, मग विमा. माणूस कधीच येत नाही. प्रामाणिक घरपोच सेवा पैसे काम झाल्यावर किंवा ॲपमधून घेते आणि येणाऱ्याचं नाव, फोटो आधी पाठवते. आणि पैसे परत मिळवण्यासाठी यूपीआयचा पिन टाकावा लागत नाही, कधीच नाही.

प्रश्न: मी स्पा थेरपीचा कोर्स केला आहे. मुंबईतून नोकरी आली आहे: राहायला जागा, महिना ४० हजार, २० हजार ॲडव्हान्स. आईला भीती वाटते. काय तपासू? (अकोला)

आईची भीती रास्त आहे, आणि तुमचं कामही सन्मानाचं आहे. हे दोन्ही खरं धरूनच सांगतो.

मुलाखतीत तुमच्याकडून मसाज करून घेतात का, हे पहिलं. चांगला स्पा वरिष्ठ थेरपिस्टवर अर्धा तास तरी करून दाखवायला सांगतो, दाब आणि शरीर धरण्याची ढब बघतो. जिथे फक्त उभ्याने फोटो मागतात, उंची-वजन विचारतात, तिथे हाताच्या कौशल्याची गरज नाही हे उघड आहे.

ॲडव्हान्स घेऊ नका. दिलेले २० हजार, त्यावर खोलीचं भाडं, जेवण, गणवेश, उशिराचा दंड असं वाढत जाणारं कर्ज हाच या सापळ्याचा दोर असतो. गावी परत यायचं म्हटलं की हिशोब पुढे येतो. त्याच कारणासाठी आधार, मूळ गुणपत्रिका, बँकेचं कार्ड कुणाच्या ताब्यात देऊ नका, झेरॉक्स पुरते. पगार निश्चित आहे का, की फक्त ‘टिप्स आणि कमिशन’वर? नुसत्या टिपांवर ठेवणारा मालक गिऱ्हाइकाला जे हवं ते तुम्ही द्यावं अशी सोय करून ठेवतो. नियुक्तीपत्र, खात्यात जमा होणारा पगार, साप्ताहिक सुटी, दिवसाचे ठरलेले तास हे लेखी मागा.

महाराष्ट्राच्या दुकाने कायद्याप्रमाणे, नोंदणी लागण्याइतके कर्मचारी असलेल्या ठिकाणी, स्त्री कर्मचाऱ्याला रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळात तिच्या संमतीशिवाय कामावर ठेवता येत नाही, आणि संमती असली तरी सुरक्षा आणि जाण्यायेण्याची सोय मालकाने करायची असते. ‘रात्री बारापर्यंत थांबावं लागेल’ असं सहज म्हणणाऱ्याला हे विचारून बघा. दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तर लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असायलाच हवी. कमी असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं.

मालकाला एकच प्रश्न थेट विचारा: ‘गिऱ्हाइकाने गैरवर्तन केलं तर मी काय करायचं?’ चांगल्या ठिकाणी उत्तर तयार असतं: हात थांबव, खोलीतून बाहेर ये, आम्ही त्याला पूर्ण पैसे घेऊन बाहेर काढतो आणि त्याचं नाव वहीत जातं. ‘थोडं ॲडजस्ट करावं लागतं’ हे उत्तर आलं की बॅग भरू नका. रुजू होण्याआधी आईला किंवा भावाला घेऊन राहायची जागा बघा, तिथल्या मुलींशी मालकाच्या गैरहजेरीत बोला, आणि बाहेरचं दार त्यांना स्वतःच्या मर्जीने उघडता येतं का ते विचारा.

मुलांसाठीही एक इशारा. ‘मेल थेरपिस्ट हवेत, दिवसाला १५ हजार, फक्त नोंदणी शुल्क भरा’ ही जाहिरात नोकरीची नाही. नोकरी देणारा पैसे मागत नाही.

प्रश्न: ‘दोन तासांत संपूर्ण पंचकर्म, २,९९९’ अशी पाटी आहे. जावं का? (कोल्हापूर)

दोन तासांत पंचकर्म होत नाही. वमन (ओकारी करवणं), विरेचन (जुलाब देणं), बस्ती (गुदमार्गाने औषध), नस्य (नाकात औषध) आणि रक्तमोक्षण (रक्त काढणं) ही पाच कर्मं. अंगाला तेल लावणं आणि वाफ देणं म्हणजे स्नेहन-स्वेदन, ते त्यांच्याआधीचं पूर्वकर्म. वमन-विरेचनाआधी तीन ते सात दिवस वाढत्या मात्रेने तूप प्यायला देतात, मग तेल-वाफ, मग मुख्य कर्म, आणि नंतर पेज, विलेपी असं हळूहळू जड होत जाणारं पथ्य काही दिवस. कुणाला काय द्यायचं हे वैद्य तपासून ठरवतो. पाटीवरचं पॅकेज म्हणजे तेल लावून वाफ. ते छान वाटेल, पण त्याला त्या नावाने विकणारा पुढे काय काय फुगवेल हे सांगता येत नाही.

केंद्रात बीएएमएस किंवा पंचकर्मातला एमडी वैद्य प्रत्यक्ष हजर आहे का आणि त्याचा महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनचा नोंदणी क्रमांक काय, ते विचारा. तेलाची बाटली बघा: महानारायण असो की क्षीरबला, उत्पादन परवाना क्रमांक, बॅच आणि मुदत लेबलवर हवी. शिरोधारेचं तेल दुसऱ्या रुग्णाचं वापरत नाहीत ना, हे स्पष्ट विचारा. एका वेळेला दीड-दोन लिटर लागतं म्हणून तिथे कसर करायचा मोह होतो. मधुमेह मुळापासून बरा करण्याची जाहिरात करणं १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय कायद्याने गुन्हा आहे. असा फलक दिसला तर आत जायची गरजच उरत नाही.

प्रश्न: माझा गाळा स्पासाठी मागत आहेत, भाडं बाजारापेक्षा दीडपट देतो म्हणतात. धोका काय? (वसई)

दीडपट भाडं कशासाठी, हाच पहिला प्रश्न. अनैतिक व्यापार प्रतिबंध अधिनियम, १९५६ च्या कलम ३ प्रमाणे जाणूनबुजून जागा कुंटणखान्यासाठी देणारा मालकही दोषी ठरतो. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. ‘मला ठाऊक नव्हतं’ म्हणायची सोय एका टप्प्यावर संपते. धाडीची बातमी त्या भागात खपणाऱ्या वर्तमानपत्रात आली, किंवा झडतीत सापडलेल्या वस्तूंची यादी तुम्हाला दिली गेली, की त्यानंतर तुम्हाला माहीत होतं असं कायदा गृहीत धरतो, आणि तसं नव्हतं हे तुम्हाला सिद्ध करावं लागतं. असा कुंटणखाना शाळा, मंदिर, रुग्णालय यांच्यापासून २०० मीटरच्या आत असेल तर दंडाधिकारी सात दिवसांची नोटीस देऊन जागा रिकामी करायला लावू शकतात.

द्यायचाच असेल तर लिव्ह अँड लायसन्स करार नोंदणी करूनच द्या (तो महाराष्ट्रात सक्तीचा आहे), भाडं फक्त बँकेत घ्या, आणि करारात घाला: पोटभाडेकरू नाही, कर्मचाऱ्यांची यादी व ओळखपत्रं दर तीन महिन्यांनी द्यायची, मालकाला कामाच्या वेळेत स्वागतकक्षापर्यंत पाहणीचा हक्क, राहण्यासाठी वापर नाही, रात्री ठरलेल्या वेळेनंतर बंद. प्लॅनही मागा. लहान गाळ्यात सहा कोंदट खोल्या आणि मागच्या बाजूने एक चोरदार काढणारा माणूस मसाजची तयारी करत नसतो. मसाजच्या खोलीला खाटेभोवती चारही बाजूंनी उभं राहून काम करायला जागा लागते, हात धुवायला बेसिन लागतं, टॉवेल धुण्या-वाळवण्याची सोय लागते.

आधीच दिलेला असेल आणि शंका असेल तर लेखी तक्रार द्या: मुंबईत पोलिसांची समाजसेवा शाखा, पुण्यात सामाजिक सुरक्षा विभाग, इतरत्र स्थानिक ठाणं किंवा मानवी तस्करीविरोधी पथक. अल्पवयीन मुलगी दिसली तर वाट न बघता १०९८ किंवा ११२. एक विनंती: सोसायटीच्या लोकांनी मोबाइल घेऊन आत घुसू नये, बायकांचे चेहरे टिपू नयेत. त्यांतल्या कितीतरी जणी फसवून आणलेल्या असतात, आणि ज्या स्वतःच्या इच्छेने आहेत त्यांनाही सन्मानाने वागवावं, असं सर्वोच्च न्यायालयाने १९ मे २०२२ च्या आदेशात सांगितलं आहे. चेहरा एकदा पसरला की परत येत नाही.

प्रश्न: स्त्रीने पुरुषाला मसाज करणं बेकायदा आहे का? (पणजी)

तेवढ्यावरून जागा वाईट ठरत नाही, पण नियम राज्याप्रमाणे बदलतात, म्हणून तुमच्या राज्यातला नियम आधी बघा. दिल्लीत २०२१ मध्ये नियमावलीने असा मसाज बंद केला होता. त्या बंदीला दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये स्थगिती दिली. पंचतारांकित हॉटेलांपासून क्रीडा संघांपर्यंत असा मसाज चालतो. पारंपरिक आयुर्वेदात मात्र स्त्रीला स्त्री आणि पुरुषाला पुरुष ही रीत आहे, आणि ‘आयुर्वेदिक’ पाटी लावून ‘मुलगीच करेल’ असा आग्रह धरणारा रीत मोडतो आहे.

प्रश्न: थाई मसाज खरा की नावापुरता, कसं कळेल? (पणजी, तेच वाचक)

पारंपरिक थाई मसाज, ज्याला युनेस्कोने २०१९ मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं, जमिनीवरच्या गादीवर, सैल सदरा-पायजमा घालून, तेलाशिवाय होतो. अंगठे, कोपर, गुडघे वापरून दाब आणि ताण देतात. ‘ट्रॅडिशनल थाई’ म्हणून सगळे कपडे काढायला सांगितले तर त्यांना तो येत नाही. तेलाचा थाई मसाज वेगळा असतो. तो त्याच नावाने दरपत्रकात लिहिलेला हवा. परदेशी थेरपिस्ट असेल तर नोकरीचा व्हिसा लागतो, पर्यटक व्हिसावर काम करता येत नाही. त्यात अडकते ती बहुधा मुलगी, मालक नाही.

प्रश्न: वडिलांना पक्षाघात झाला. गावात ‘फिजिओ’ म्हणवणारा एकजण घरी येऊन तेल चोळतो, मान कडकन वाजवतो. चालू ठेवावं का? (सातारा)

मान वाजवणं आजच थांबवा. झटक्याने मान फिरवली तर मेंदूला रक्त नेणाऱ्या मानेतल्या धमनीचं अस्तर फाटू शकतं, तिथे गुठळी होते आणि दुसरा झटका येऊ शकतो. न्हाव्याकडची मान वाजवणीही याच कारणासाठी टाळावी, धडधाकट माणसानेसुद्धा.

फिजिओथेरपिस्टकडे बीपीटी पदवी आणि महाराष्ट्राच्या व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेचा नोंदणी क्रमांक असतो, तो मागा. खरा फिजिओ पहिल्या भेटीत डॉक्टरांचे कागद वाचतो, कोणत्या सांध्याची हालचाल किती होते हे मोजून लिहितो, आणि वेळेचा मोठा भाग व्यायामाला देतो: उठून बसणं, तोल सांभाळणं, टाच टेकणं. घरच्यांना ते शिकवतो, म्हणजे तो नसतानाही ते होत राहतं. नुसतं तेल चोळल्याने हातापायाची हालचाल परत येत नाही, आणि लुळ्या बाजूचा हात खांद्यातून ओढला तर सांधा निसटतो.

मालिश नको असं नाही. हलक्या हाताने तेल लावलेलं वडिलांना बरंच वाटेल, तेवढं घरातलं कुणीही करू शकतं. पण अंथरुणावर असलेल्या माणसाची एकच पोटरी सुजली, गरम लागली किंवा दुखू लागली, तर तिला हात लावू नका. शिरेत गुठळी झालेली असू शकते आणि चोळल्याने ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. त्या दिवशी मालिशवाल्याला नव्हे, डॉक्टरांना बोलवा. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर जोराने चोळल्यावर आतल्या आत रक्त साकळतं, म्हणून काळेनिळे डाग दिसतात का ते रोज बघा. लुळ्या बाजूला चटक्याची जाणीव कमी असते, त्यामुळे शेकायची पिशवी आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहा आणि टॉवेलात गुंडाळूनच ठेवा.